डुकराचा शेवटचा दिवस तालुक्यातच जावा

चांगल्या सॉसेजची पारख जिभेआधी तव्यावर होते. मंद आचेवर ठेवल्यावर ते पाणी सोडत नाही. बाजारात पाकिटातून मिळणारं गोठवलेलं सॉसेज तव्यावर टाकलं की आधी पांढरट पाणी येतं, मग ते आकसतं, आणि तोंडात उरते ती पिठाची आणि मसाल्याची चव. नागभीड तालुक्यातल्या एका लहान वराहपालकाकडे या हिवाळ्यात मी खाल्लेलं सॉसेज शेवटपर्यंत तसंच भरीव राहिलं. चरबी हळूहळू सुटली, तीही नितळ. कापल्यावर मांस आणि चरबीचे दाणे वेगवेगळे दिसत होते. दाताखाली आधी आतड्याचं पातळ कवच फुटलं, मग रस आला, मागून काळी मिरी आणि लसूण, आणि सगळ्यांत शेवटी मांसाची स्वतःची चव. किंचित गोडसर, भाजल्या शेंगदाण्याच्या वासाकडे झुकणारी.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीचा बहुतेक काळ चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गेला, आता निवृत्तीनंतर नागभीडलाच राहते. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यासाठी आमच्या खात्याने पुष्कळ केलं. डुकराकडे मात्र आम्ही सगळ्यांनीच पाठ फिरवली. म्हणून या सॉसेजबद्दल लिहिताना नुसती चव सांगून मी थांबणार नाही. ती चव कुठून आली आणि ती टिकायची तर तालुक्याने काय करायला हवं, हे मला सांगायचं आहे.

त्या शेतकऱ्याकडे धानाच्या बांध्या आहेत, एक बोडी म्हणजे लहान तळं आहे, आणि बोडीच्या वरच्या अंगाला मोहाच्या सावलीत कुंपण घातलेली जागा आहे. तिथे त्याची मोजकीच डुकरं राहतात. गावठी काळ्या माद्यांना संकरित नर लावून झालेली ही पैदास. विलायती पांढरं डुक्कर भरपूर खुराकावर सहा-सात महिन्यांत नव्वद-शंभर किलोचं होतं. याची डुकरं त्याच वजनाला यायला वर्षाच्या आसपास घेतात. तो घाई करत नाही. चालणारं, उकरणारं, सावकाश वाढणारं जनावर स्नायू वापरतं, आणि वापरलेल्या स्नायूला रंग असतो, चव असते.

खुराकाची गोष्ट तर आमच्या झाडीपट्टीचीच. इथे भात गिरण्या आहेत, त्यामुळे कुकुस म्हणजे तांदळाचा कोंडा आणि कनकी म्हणजे तुटका तांदूळ यांना तोटा नाही. गाय-बैल खाल्लेली चरबी पोटात बदलून टाकतात, डुक्कर तसं करत नाही. त्याने जे तेल खाल्लं तेच बऱ्याच अंशी त्याच्या अंगावर बसतं. कुकुसात तेल पुष्कळ, आणि ते मऊ जातीचं. शेवटपर्यंत कुकुसावर ठेवलेल्या डुकराची चरबी थंडीतही लोण्यासारखी लिबलिबीत राहते. मांस दळताना ती फासते आणि सॉसेज भरीव होत नाही. उलट कनकी म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यापासून डुक्कर स्वतःची चरबी तयार करतं, आणि ती पांढरी, घट्ट असते. हे आम्ही कॉलेजात पुस्तकातून शिकलो. तो शेतकरी हातानं चाचपून शिकला आहे. मला म्हणाला, "मॅडम, शेवटचे दोन महिने याले कनकीच पायजे. कुकुस देल्लं का चरबी पातळ होते." चैत्रात मोह पडतो तेव्हा फुलं वेचून झाल्यावर राहिलेली डुकरं खातात, त्यात साखर भरपूर असते. मोहाच्या बियांची पेंड मात्र तो देत नाही, आणि ते बरोबर आहे, कारण तिच्यातलं सॅपोनिन जनावराला बाधतं.

स्पेनमध्ये ओकच्या जंगलात हिवाळाभर ओकची फळं खाऊन वाढलेल्या इबेरियन डुकराच्या मांसाला जग मोठी किंमत देतं. तिथलं सगळं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं आहे की डुक्कर जे खातं ते त्याच्या चरबीत उतरतं. आमच्याकडे एच.एम.टी.ची कनकी आहे. हा वाण ज्यांनी निवडून वाढवला ते दादाजी खोब्रागडे याच तालुक्यातल्या नांदेडचे. थोडक्या जमिनीवर रोज पिकाकडे बघत राहून त्यांनी तो वेगळा काढला. त्याच चिकाटीने कुणी डुकराकडे बघितलं तर काय निघू शकतं, हे मी त्या ताटात पाहिलं.

त्या शेतकऱ्याचा पुतण्या गोव्यात काही वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. सॉसेज त्यानेच भरलं. पहाटे, थंडी असताना, मांस आणि चरबी बर्फगार ठेवून. चारात तीन वाटे मांस, एक वाटा चरबी. मीठ आधी लावून मांस चिकट होईपर्यंत मळायचं, म्हणजे मांसातलं प्रथिन सुटून सगळं एकमेकांना धरतं, पिठाची गरज पडत नाही. एक प्रकार साधा, मिरी-लसणाचा. दुसरा गोव्याच्या चोरिसाच्या वळणाचा. गोव्यात पावसाळ्याआधी घरात पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, मीठ, कोकम, आणि ख्रिस्ती घरांत चोरिसांच्या माळा. व्हिनेगर, लाल मिरची, आलं-लसूण, थोडी फेणी, मग ऊन आणि धूर. शीतपेटी नसतानाच्या काळात पावसाचे चार महिने काढायची ती सोय होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा आजही टांगलेल्या दिसतात. पुतण्याने माडाच्या ताडीचं व्हिनेगर गोव्याहून आणलं होतं, मिरची मात्र भिवापुरी घेतली. भिवापूर आमच्या शेजारचं, नागपूरची नॅरोगेज धावत होती तेव्हा वाटेवरचं स्टेशन. भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या मिरचीचा रंग व्हिनेगरात असा उतरला होता की पाव बुडवल्यावर बोटं लाल झाली. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार जास्त रंगतदार होता आणि पहिला जास्त खरा. साध्या सॉसेजमध्ये लपायला जागा नसते. डुक्कर कसं जगलं ते त्यात कळतं.

ते कसं जगलं, ते सांगते. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा चिखल हाच त्याचा कूलर असतो. अंगावर चिखल थापला की तो सुकेपर्यंत उष्णता ओढून नेतो, वर ऊन आणि गोमाश्यांपासून राखण होते. स्वच्छ पाण्याचा, रोज भरलेला डबरा मिळाला तर डुक्कर त्यात लोळतं, झोपायची जागा वेगळी ठेवतं आणि घाण तिसऱ्याच कोपऱ्यात करतं. घाणीत राहणारं जनावर अशी त्याची बदनामी आपण केली, कारण आपण त्याला दुसरी जागाच दिली नाही.

मादी विण्याच्या आदल्या दिवशी घर बांधायला लागते. गाभण काळ ११४ दिवसांचा, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. त्याच्या शेवटी ती तोंडात तणस धरून आणते, पायांनी खोलगट करते, पुन्हा आणते. त्या शेतकऱ्याकडे एक मादी व्यायला आली होती. धानाची तणस तिला मोकळी दिलेली होती, आणि ती तासन्‌तास तेच करत होती. जन्मल्यावर काही दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला एक सड ठरवतं आणि पुढे तिथेच पितं. हे सगळं मी कित्येक वर्षांपूर्वी परीक्षेत लिहिलं होतं. प्रत्यक्ष इतक्या निवांतपणे बघायला मिळालं ते तिथे.

मोठ्या कारखानी फार्मवर गाभण मादीला साधारण साठ सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात. तिला वळता येत नाही. तणस नाही, उकरायला माती नाही. कंटाळलेली डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात म्हणून शेपट्याच कापून टाकतात. इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांनी १९६४ साली ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक लिहून हे लोकांपुढे मांडलं. त्यानंतर ब्रॅम्बेल समिती बसली, आणि १९६५ साली तिने सांगितलं की पाळीव जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आलेच पाहिजेत. ब्रिटनने १९९९ साली असे पिंजरे बंद केले. युरोपीय संघाने २०१३ पासून, गाभण काळाचे पहिले चार आठवडे आणि शेवटचा आठवडा वगळून, ते बंद केले. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे याच्याही आधीचा, आणि त्याच्या अकराव्या कलमात जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं गुन्हा आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्याच्या बाबतीत आपण मागे नव्हतो. डुक्कर त्या कायद्यात येतं हे आपल्या मनात कधी आलंच नाही.

का आलं नाही? मला वाटतं, त्याचं उत्तर जातीत आहे. महाराष्ट्रात डुकरं पाळली ती गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी. वडार, कैकाडी, कित्येक दलित वस्त्या. जनावराची किळस आणि ते पाळणाऱ्याची किळस एकत्र वाढवली गेली. गावात डुकरं झाली की नगरपंचायतीकडे तक्रार जाते, पकडणारी गाडी येते. पाळणाऱ्याला जागा द्या, पाणी द्या, कुंपणाला कर्ज द्या, असा अर्ज गावाच्या वतीने गेल्याचं मी नोकरीत कधी पाहिलं नाही. डुकराचं मांस मराठी माणसाला परकं आहे असंही बोललं जातं. पण वसईच्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलशिवाय लग्न होत नाही. भामरागडकडच्या माडिया गावांत डुक्कर घराघरात आहे आणि सणाला, देवाला तेच लागतं. ज्यांच्या धर्मात ते निषिद्ध आहे, ज्यांना आवडत नाही, ज्यांनी मांसच सोडलं आहे, त्या सगळ्यांचा मला आदर आहे. पण जे खातात त्यांनी चोरून, काळ्या पिशवीत घालून का न्यावं?

मोकाट डुकरांचं मी समर्थन करत नाही. उघड्यावरच्या मैल्यातून डुकराच्या अंगात पट्टकृमीच्या गाठी होतात. तो कृमी माणसात आला आणि त्याची अंडी पोटात गेली तर गाठी मेंदूपर्यंत पोचतात, आणि धडधाकट माणसाला अचानक फिट येऊ लागतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात झपाट्याने वाढतो, आणि तो पसरवणारे क्युलेक्स डास धानाच्या साचलेल्या पाण्यात होतात. आमचा सगळा मुलूख धानाचा. म्हणून डुकराचं आवार वस्तीपासून लांब हवं, शौचालय घरोघरी वापरात हवं, आणि मांस आतपर्यंत शिजलेलं हवं, सॉसेज तर नक्कीच, कारण दळताना बाहेरचे जंतू आत जातात. रस्त्यावर फिरणारं डुक्कर मोकळं असतं, सुखी नसतं. कुंपण, चिखल, तणस, स्वच्छ पाणी आणि ठरलेला खुराक मिळालेलं डुक्कर सुखी असतं, आणि ते खाणाऱ्यालाही निर्धोक असतं. त्याचं भलं आणि आपलं भलं इथे एकाच कुंपणात आहे.

आता मुख्य गोष्ट. वर्षभर असं सांभाळलेलं जनावर एका दिवसात वाया जाऊ शकतं, आणि तो दिवस शेवटचा असतो. शेतकऱ्याने मला सांगितलं, "कापाले न्यायचं मनलं का चंद्रपूर नाई तं नागपूर. गाडीत चढवतानाच जनावर अर्धं मरते." यात अतिशयोक्ती नाही. डुक्कर बुद्धिमान आहे, घाबरट आहे. अनोळखी डुकरांत घातलं की मारामाऱ्या करतं. मारण्याच्या आधी ते भेदरलं तर स्नायूतली साखर भराभर जळते, शरीर गरम असतानाच आम्ल साठतं आणि मांसातली प्रथिनं बिघडतात. मांस फिकट, मऊ आणि पाणचट होतं. तव्यावर पाणी सोडणारं मांस बऱ्याचदा हेच. प्रवास लांबला आणि जनावर थकून गेलं तर उलटं होतं. साखर आधीच संपलेली असते, आम्ल तयारच होत नाही, मांस काळपट, कोरडं राहतं आणि लवकर नासतं. दोन्ही बाबतींत वर्षभराची कनकी, चिखल आणि तणस फुकट जाते. मी खाल्लेलं सॉसेज चांगलं होतं, कारण ते डुक्कर घरच्यासाठी होतं. आदल्या संध्याकाळी खुराक बंद, पाणी चालू, रात्री आपल्याच जागेत झोपलेलं, आणि सकाळी ओळखीच्या माणसाने बाहेर काढलेलं.

विकायचं म्हटलं की हे करता येत नाही. विकण्यासाठी परवाना हवा, तपासणी हवी, आणि ती हवीच. कत्तलखान्यांचे नियम २००१ साली आले आणि ते चांगले आहेत. जनावराला विश्रांतीची जागा हवी, एका जनावराला दुसऱ्याच्या देखत मारू नये, पशुवैद्यकाने तासाला बाराहून जास्त आणि दिवसाला ९६ हून जास्त जनावरं तपासू नयेत, असं त्यात आहे. पण हे नियम दिवसाला १० किंवा त्याहून जास्त जनावरं कापणाऱ्या जागेला कत्तलखाना मानतात. आठवड्याला दोन-तीन डुकरांची गरज असलेल्या तालुक्याचा विचार त्यात नाही. मग दोनच वाटा उरतात. शंभर किलोमीटरवरचा प्रवास, नाही तर नाल्याकाठी झाडाखाली कापाकापी, जिथे ना पाणी स्वच्छ, ना कुणी गाठी तपासत.

सरकारचा पैसा कुठे जातो तेही बघावं. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. त्याची ३० लाखांची कमाल मर्यादा १०० माद्यांच्या फार्मसाठी. शंभर माद्या ठेवणारा माणूस उरलेला पैसा उभा करू शकतो, बँकेत त्याची पत असते. त्याच्याकडे एवढ्या माद्यांना मोहाखाली जागा द्यायची सोय नसते, आणि तो पिंजऱ्यांकडेच वळणार. देशात डुकरांची संख्या २०१२ ते २०१९ च्या पशुगणनांमध्ये १२ टक्क्यांनी घटून ९० लाखांच्या आसपास आली. त्यात परसातली, गरिबांच्या घरची डुकरंही गेली. माझं म्हणणं आहे की एका मोठ्या फार्मच्या अनुदानात चार-पाच तालुक्यांना एकेक लहान कत्तलखोली मिळू शकते. फरशी, पाण्याची टाकी, गरम पाणी, बेशुद्ध करण्याचं यंत्र, सांडपाण्याचा खड्डा, शेजारी रात्रभर जनावर ठेवायला सावलीची तणस घातलेली जागा, आणि एक शीतखोली. तपासायला तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी आठवड्यातून एक सकाळ. कोंबडी-बकऱ्यांसाठीही तीच वेगळ्या दिवशी वापरता येईल. सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र इथून जवळ आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मांस हाताळायचं आणि सॉसेज भरायचं प्रशिक्षण द्यायला माणसं कमी नाहीत.

जंगलकाठच्या तालुक्यात अशा खोलीला आणखी एक कारण आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० साली भारतात आला. माणसाला त्याचा धोका नाही, डुकराला मात्र औषध नाही, आणि रानडुकरालाही तो तितकाच होतो. खारवलेल्या, सुकवलेल्या मांसातही विषाणू बराच काळ तग धरतो. बाहेरून आणलेलं मांस आणि हॉटेलातलं उष्टं डुकरांना घातलं की तो शिरतो. घोडाझरी अभयारण्य आमच्या दाराशी आहे, पलीकडे ताडोबा. तिथल्या वाघाच्या भक्ष्यात रानडुक्कर मोठा वाटा उचलतं. गावातलं एक आजारी डुक्कर नाल्याकाठी कापलं गेलं आणि त्याची आतडी रानडुकरांनी खाल्ली तर काय होईल, याचा विचार वनविभागानेही करावा. दुहेरी कुंपण आणि तपासणीची खोली ही त्यांच्याही कामाची आहे. आणि रानडुकराचं चोरटं मांस आमच्याकडे खाल्लं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी लावलेल्या वीजतारांत वाघ मरतात, माणसं मरतात. पाळलेल्या डुकराचं चांगलं मांस उजळ माथ्याने मिळू लागलं तर त्या तारा काही प्रमाणात तरी कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

किंमत जास्त पडेल. एक किलो वजन वाढायला डुकराला तीन किलोंहून जास्त खुराक लागतो, आणि सावकाश वाढणाऱ्याला आणखी. पाकिटातल्या सॉसेजच्या भावात हे मिळणार नाही, मागूही नये. महिन्यातून चारदा खाण्याऐवजी एकदा खावं. विकत घेताना दोन प्रश्न विचारावेत: मादीला व्यायला तणस मिळाली होती का, आणि जनावर कुठे कापलं? विकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर पुढच्या वेळी तो शोधून ठेवेल.

पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला मी तालुका कत्तलखोलीचं टिपण लिहून दिलं आहे. जागेसाठी वस्तीपासून दूर, पण वीज आणि डांबरी रस्ता असलेले जमिनीचे दोन तुकडे त्यात सुचवले आहेत. वराहपालकांची नावंही सोबत आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी सरकारी कागदावर आपला धंदा पहिल्यांदाच लिहिला. रोवणी सुरू झाली की इथे कुणाला सवड नसते, त्यामुळे जागेची पाहणी पावसाळ्याआधी व्हायला हवी.